पिंक फ्लॉइडची १९७३ ची ब्रिटिश तबकडी: ठाण्यात ऐकून केलेले परीक्षण

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमची मूळ ब्रिटिश तबकडी, म्हणजे मार्च १९७३ मध्ये हार्वेस्ट या लेबलवर एसएचव्हीएल ८०४ या क्रमांकाने निघालेली आवृत्ती, मी ठाण्यातच, नौपाड्यातील एका संग्राहक-विक्रेत्याकडून घेतली. ती निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या आवाजाच्या पातळीवर पुरेशी ऐकून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. तिच्यासाठी मोजलेल्या रकमेत एक चांगला नवा टर्नटेबल आला असता, त्यामुळे एवढी किंमत नेमकी कशाची, हा प्रश्न वाचकांना पडणार हे उघड आहे. माझे उत्तर असे की ही किंमत मूळ टेप ताजी असताना तिच्यावरून कोरलेल्या खाचांची आहे, आणि त्या खाचा शाबूत असतील तरच ती मोजावी. वय, कव्हर आणि दुर्मिळता या गोष्टी त्यानंतर येतात.

हा अल्बम इतकी वर्षे खपत राहिला आहे की जुनी दिसणारी प्रत्येक प्रत पहिल्या खेपेची असेल असे मानता येत नाही. अमेरिकेतील बिलबोर्डच्या दोनशे अल्बमांच्या यादीत तो १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे होता. मागणी अशी अखंड असल्यामुळे कारखान्यांना वर्षानुवर्षे नवे साचे करावे लागले आणि त्याच क्रमांकाखाली, कव्हरवरच्या त्याच प्रिझमच्या चित्राखाली कितीतरी वेगवेगळ्या खेपा बाजारात आल्या. अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीने एसएमएएस १११६३ हा स्वतंत्र क्रमांक देऊन आपली आवृत्ती काढली, जपानची आवृत्ती निराळी, आणि इंग्लंडमध्ये चार दिशांनी ऐकू येणाऱ्या क्वाड्राफोनिक ध्वनीची आवृत्तीही वेगळी निघाली. या सगळ्या आपापल्या परीने जुन्या आणि खऱ्याच आहेत, पण त्यांतील कोणतीही दुसरीसारखी वाजत नाही. म्हणून 'सत्तरच्या दशकातली ओरिजिनल' एवढ्याच वर्णनावर कोणी पैसे मागत असेल, तर त्याला पुढचे दोन प्रश्न विचारणे आवश्यक असते.

पहिला प्रश्न लेबलविषयी. तबकडीच्या मधोमध असलेल्या काळ्या कागदी लेबलवर प्रिझमचा त्रिकोण छापलेला आहे. पहिल्या खेपेच्या ब्रिटिश प्रतींवर हा त्रिकोण फिकट निळ्या रंगाने पूर्ण भरलेला असतो. पुढच्या खेपांमध्ये त्याची नुसती बाह्यरेषा उरली. ही खूण दुरूनही दिसते आणि बाजारभावाचा मोठा भाग तिच्यावरच ठरतो. दुसरा प्रश्न मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट आवाजाशी निगडित आहे. गाणे संपल्यावर सुई ज्या मोकळ्या, गुळगुळीत पट्ट्यावर येते, तेथे लेबलच्या लगत काही अक्षरे आणि आकडे कोरलेले किंवा ठोकलेले असतात. तबकडी बॅटरीच्या उजेडात तिरकी धरली की ते वाचता येतात. त्यातील मुख्य क्रमांक म्हणजे मेट्रिक्स, म्हणजे ती बाजू कोणत्या मूळ कोरणीवरून निघाली हे सांगणारा क्रमांक. बाजारात आलेल्या सर्वांत आरंभीच्या प्रतींवर तो पहिल्या बाजूला ए-२ आणि दुसऱ्या बाजूला बी-२ असा संपतो. माझ्या प्रतीवर तेच आकडे आहेत.

हार्वेस्ट हे लेबल ज्या कंपनीचे, त्या ईएमआयच्या इंग्लंडमधील हेज येथील कारखान्यातील प्रतींवर याखेरीज आणखी दोन खुणा असतात. मेट्रिक्स क्रमांक घड्याळातील सहाच्या जागी धरला, तर नऊच्या जागी एक आकडा आणि तीनच्या जागी एक किंवा अधिक रोमन अक्षरे दिसतात. ती समजण्यासाठी तबकडी कशी तयार होते हे थोडक्यात सांगावे लागेल. टेपवरचा आवाज प्रथम लाखेसारख्या मऊ थराच्या तबकडीवर कोरला जातो. तिच्यावर चांदीचा पातळ मुलामा देऊन निकेल चढवतात आणि तो सोलून काढला की उलटी धातूची प्रत मिळते. तिच्यापासून पुन्हा सुलटी प्रत, म्हणजे 'मदर', आणि मदरपासून उलटे साचे, म्हणजे 'स्टॅम्पर', तयार होतात. या साच्यांमध्ये गरम पीव्हीसी दाबून आपल्या हाती येणारी रेकॉर्ड बनते. साचा झिजतो, त्यामुळे काही ठरावीक प्रती निघाल्या की तो बदलावा लागतो. नऊच्या जागचा आकडा मदरचा आणि तीनच्या जागची अक्षरे साच्याच्या क्रमांकाची असतात. त्यासाठी कंपनीने 'ग्रामोफोन लिमिटेड' या नावातील दहा अक्षरे घेतली: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे ०. तीनच्या जागी 'आर ए' असे दिसले तर तो तेविसावा साचा. क्रमांक जितका लहान, तितका तो साचा आरंभीचा. आणि पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या कामगाराने ठोकलेली ही खूण आज तबकडीची सर्वांत विश्वासार्ह जन्मनोंद ठरते, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

विक्रेत्याविषयीही लिहायला हवे, कारण या व्यवहारात त्याचा वाटा मोठा आहे. हे गृहस्थ निवृत्त आहेत, घरातल्याच एका खोलीतून विक्री करतात आणि येण्यापूर्वी फोन करावा अशी त्यांची अपेक्षा असते. तबकडी त्यांनी स्वतः बाहेर काढली, दोन्ही कडांना तळहात टेकवून धरली आणि खिडकीच्या उजेडात मला दोन्ही बाजू दाखवल्या.

"काका, थोडी ऐकून बघता येईल का?" मी विचारले.

"थोडी कशाला, पूर्ण बाजू ऐका. आणि पहिल्या बाजूचा शेवट ऐकल्याशिवाय मला पैशांचे विचारू नका," ते म्हणाले.

हा सल्ला किती मोलाचा आहे हे या अल्बमची रचना माहीत असलेल्यांना लगेच कळेल. पहिली बाजू 'द ग्रेट गिग इन द स्काय' या रचनेने संपते. तिच्या गायनात शब्द नाहीत. क्लेअर टोरी या गायिकेचा मुक्त, चढत जाणारा आवाज आहे. ही रचना येते ती तबकडीच्या सर्वांत आतल्या भागात. तबकडी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, आणि फेऱ्यांचा हा वेग कायम असल्याने बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ ती जेमतेम २० सेंटीमीटरच्या आसपास येते. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. अशा ठिकाणी उंच पट्टीतील गायन सुईची आणि खाचेची सर्वांत कठोर परीक्षा घेते. सत्तरच्या दशकात घरोघरी असलेल्या रेकॉर्डप्लेअरची जड, बोथट सुई ज्या तबकडीवर वर्षानुवर्षे फिरली असेल, तिच्यात नेमक्या याच जागी टोरीचा आवाज फाटतो, आणि ते नुकसान कोणत्याही धुण्याने भरून येत नाही. पृष्ठभाग आरशासारखा चमकत असला तरी हा दोष डोळ्यांना दिसत नाही. माझ्या प्रतीत सर्वोच्च स्वरांवर किंचित कडा जाणवते, पण आवाज फाटत नाही. या वयाच्या तबकडीकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करणे मला न्याय्य वाटत नाही.

आता आरंभाकडे. अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, आणि ते अगदी शांततेतून वर येतात. तबकडीचा पृष्ठभाग कितपत स्वच्छ आहे हे पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळते, कारण येथे खरखर लपवायला काहीच नसते. माझ्या प्रतीत या ठिकाणी मंद सळसळ आणि अधूनमधून एखादा बारीक टिक ऐकू येतो. त्यानंतर 'ब्रीद' सुरू होताच जे घडते, त्यासाठी ही तबकडी घ्यावी. गिटारचा स्वर स्पीकरच्या मागे दूरवर पसरतो, ढोलाच्या कातड्याचा पोत कळतो आणि बासचा आवाज फुगत नाही, तो ज्या जागी सुरू होतो त्याच जागी थांबतो. अॅबी रोड स्टुडिओत सोळा ट्रॅकवर हे ध्वनिमुद्रण झाले, अॅलन पार्सन्स हे ध्वनिमुद्रक होते आणि अंतिम मिश्रणाच्या वेळी क्रिस थॉमस यांची देखरेख होती. या मंडळींनी आवाजांच्या मध्ये जी मोकळी हवा ठेवली, ती या प्रतीत टिकून आहे.

'टाइम'च्या सुरुवातीची घड्याळे प्रत्येक जण आपल्या यंत्रणेची परीक्षा म्हणून वाजवतो, आणि ते योग्यच आहे. पार्सन्स यांनी ती घड्याळे जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती. मी ऐकलेल्या नव्या आवृत्तीत ती अधिक लखलखीत आणि अधिक पुढे आलेली वाटतात. या तबकडीत ती वेगवेगळ्या अंतरांवर आहेत. एक कानाशी, दुसरे खोलीच्या कोपऱ्यात, तिसरे जणू शेजारच्या दालनात. त्यानंतर बँडचे ढोलवादक निक मेसन यांचे रोटोटॉम, म्हणजे सुरात लावता येणारे छोटे ढोल, वाजू लागतात, तेव्हा प्रत्येक आघातानंतर विरत जाणारा नाद शेवटपर्यंत ऐकू येतो. मला स्वतःला सर्वाधिक समाधान याच भागाने दिले.

दुसऱ्या बाजूविषयी थोडक्यात सांगता येईल. तिची सुरुवात 'मनी'ने होते, आणि सर्वांत लोकप्रिय गाणे असल्यामुळे बहुतेक जुन्या प्रतींमध्ये तोच भाग सर्वाधिक झिजलेला असतो. अनेकांनी सुई थेट तेथेच टेकवलेली असल्याने आरंभी ओरखडे आढळतात. माझ्या प्रतीत नाण्यांच्या खणखणाटाबरोबर एक हलका टिक काही फेऱ्यांपर्यंत सोबत करतो. सात मात्रांच्या त्या चालीत तो खटकतो, हे मान्य केले पाहिजे. पण 'अस अँड देम'मधील डिक पॅरी यांचा सॅक्सोफोन इतका उबदार आणि श्वासासकट ऐकू येतो की मी तो टिक स्वीकारूनच व्यवहार पक्का केला, आणि त्या टिकापोटी काकांनी किमतीत रास्त सूटही दिली.

कव्हर उघडणारे, दुहेरी आहे. हिप्नोसिस या संस्थेची ही रचना असून प्रिझमचे चित्र जॉर्ज हार्डी यांनी काढले. प्रिझममधून निघणाऱ्या पट्ट्यात सहाच रंग आहेत आणि तो पट्टा आतल्या पानांवर हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखासारखी रेषा घेऊन पुढे जातो. मूळ प्रतीबरोबर दोन पोस्टर आणि दोन स्टिकर मिळत. एका पोस्टरवर बँडची छायाचित्रे आहेत, तर दुसऱ्यावर गिझाचे पिरॅमिड इन्फ्रारेड छायाचित्रणातून दिसतात. माझ्याकडील संचात दोन्ही पोस्टर आहेत, स्टिकर नाहीत. पोस्टरांना भिंतीवर लावल्याची टाचणीची भोके आहेत. संपूर्ण संचाचा आग्रह धरणाऱ्यांसाठी ही मोठी उणीव ठरेल. मला ती नाही. एक बाब मात्र आवर्जून नोंदवावीशी वाटते. या प्रतीवर 'द ग्रेट गिग इन द स्काय'ची रचनाकार म्हणून फक्त बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांचे नाव आहे. टोरी यांना त्या गायनाबद्दल त्या वेळी ३० पौंड मिळाले होते. पुढे त्या न्यायालयात गेल्या आणि २००५ मध्ये झालेल्या तडजोडीनंतरच्या आवृत्त्यांवर गायनरचनेसाठी त्यांचेही नाव येऊ लागले. मूळ प्रत हातात असताना ही त्रुटीही त्या काळाचा भाग म्हणून सोबत येते, आणि या एका बाबतीत नवी आवृत्ती निश्चितच अधिक न्यायाची आहे.

एवढी रक्कम खर्च करण्याची तयारी नसेल, तर भारतीय प्रतीचा विचार जरूर करावा. द ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात ब्रिटिश रॉक संगीताच्या अनेक तबकड्या काढल्या आणि हा अल्बमही त्यांत होता. दमदमच्या प्रतींवर अनेकदा ब्रिटिश साच्यांशी जुळणारे मेट्रिक्स क्रमांकच आढळतात, कारण धातूचे भाग तिकडून येत. परदेशी माल आणण्यावर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात आपल्याकडच्या कितीतरी श्रोत्यांनी हे संगीत प्रथम याच तबकड्यांवर ऐकले. काकांकडे अशी एक प्रत होती आणि मी दोन्ही लागोपाठ वाजवून पाहिल्या. भारतीय प्रतीचा पृष्ठभाग अधिक गोंगाटाचा होता, वरच्या पट्टीत झांजांची धार थोडी बोथट वाटली, परंतु सुरांचा समतोल, आवाजांची मांडणी आणि बासची पकड आश्चर्य वाटावे इतकी ब्रिटिश प्रतीच्या जवळची होती. तिची किंमत ब्रिटिश प्रतीच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी कमी होती. आपल्याकडे या प्रतींना दुय्यम समजण्याची जी सवय पडली आहे ती मला अन्यायाची वाटते.

नव्या आवृत्त्यांमध्ये २०१६ ची आणि पन्नासाव्या वर्षानिमित्त २०२३ मध्ये निघालेली, अशा दोन सहज मिळतात. १८० ग्रॅम वजनाचा त्यांच्यावर मोठा उल्लेख असतो, पण नुसत्या वजनाने आवाज सुधारत नाही. तबकडी थोडी सपाट राहायला मदत होते, इतकेच. त्या शांत आहेत, झिजलेल्या नाहीत आणि रोज ऐकण्यासाठी उत्तम आहेत. ज्याला फक्त संगीत हवे आहे त्याने त्यांतलीच घ्यावी. मूळ प्रत त्याच्यासाठी, ज्याला १९७३ मध्ये हे संगीत कसे पोहोचवायचे ठरले होते ते ऐकायचे आहे.

परदेशातून मागवण्याचा मार्गही आहे, परंतु तेथे ऐकून घेण्याची सोय नसते आणि विक्रेत्याने लिहिलेल्या श्रेणीवर विसंबावे लागते. व्हीजी, म्हणजे 'व्हेरी गुड', अशी श्रेणी दिलेली तबकडी शांत भागांत हमखास खरखरते, त्यामुळे या अल्बमसाठी निदान व्हीजी प्लस किंवा ब्रिटिश पद्धतीतील एक्सलंट ही श्रेणी पाहावी. श्रेणी डोळ्यांनी पाहून दिली आहे की वाजवून, हे आधी लिहून विचारावे. एका परदेशी विक्रेत्याने निअर मिंट, म्हणजे जवळजवळ नवीसारखी, म्हणून पाठवलेली दुसरी एक तबकडी मला टोरीच्या स्वरांवर फाटलेल्या आवाजाची मिळाली होती, आणि टपालखर्च व सीमाशुल्क धरता ती परत पाठवणे परवडणारे नव्हते.

ठाण्याच्या हवेत या वस्तू जपण्याचे कष्ट वेगळे आहेत. पावसाळ्यात कव्हरच्या पुठ्ठ्यावर बुरशीचे ठिपके येतात आणि कागदी आतल्या पिशवीतून ती तबकडीच्या खाचांपर्यंत पोहोचते. मूळ कागदी पिशवी वेगळी जपून तबकडी पॉलिथिनचे अस्तर असलेल्या पिशवीत ठेवावी. पीव्हीसीच्या जाड, गुळगुळीत पिशव्या टाळाव्यात, कारण त्यांतील द्रव्ये कालांतराने तबकडीवर धुरकट डाग पाडतात. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्यांना बांधकामाच्या धुळीचा त्रास अधिक होतो. प्रत्येक वेळी वाजवण्यापूर्वी कार्बन फायबरचा ब्रश फिरवणे त्यांनी सोडू नये. धुण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. अल्कोहोल मिसळलेले द्रावण घरातील ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना मात्र कधीही लावू नये, कारण त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने विरघळतात.

नौपाड्याच्या या विक्रेत्याबाबत माझ्या तक्रारी दोनच आहेत. तबकड्या ते न धुता विकतात, त्यामुळे ऐकताना ऐकू येणारी खरखर धुळीची की झिजेची हे ठरवणे अवघड जाते. आणि कव्हरची श्रेणी ते थोडी उदारपणे लावतात. तबकडीच्या आवाजाबद्दल मात्र त्यांनी सांगितलेला प्रत्येक शब्द घरी आल्यावर खरा ठरला. त्यांच्याकडे जायचे असल्यास सकाळची वेळ मागून घ्यावी, स्वतःचा हेडफोन आणि छोटी बॅटरी सोबत न्यावी, आणि जून ते सप्टेंबर या काळात खरेदी केल्यास तबकडी घरी नेण्यासाठी पाणी न शिरणारी कडक पेटी बरोबर ठेवावी, कारण ते पॅकिंगसाठी वर्तमानपत्राखेरीज काही देत नाहीत.